बॅग कोणी भरली?

मुलांनो, तुमच्यापैकी विमानात कोण कोण बसलंय? हात वर करा पाहू! बसलेल्यांनी उगाच भाव खायचा नाही हं. हे लिहिणारी मी आता छत्तीस वर्षांची झाले, पण विमानात अजून एकदाही बसलेले नाही. विमान मी पाहते ते शाळेच्या पटांगणातून, मान वर करून. खूप उंचावर एक चांदीची टाचणी आणि तिच्या मागे खडूने ओढावी तशी पांढरी रेघ. बस्स!

आमची शाळा सावंतवाडी तालुक्यात आहे, आंबोली घाटाच्या पायथ्याशी एका वाडीत. पहिली ते चौथी, दोन शिक्षक आणि एकोणीस मुलं. डी. एड. झाल्यावर माझी पहिली नेमणूक इथलीच. मध्ये काही वर्षं बदली झाली होती, आता पुन्हा इथेच आले आहे आणि मुख्याध्यापकाचा चार्जही माझ्याकडेच आहे. चार्ज म्हणजे काय, तर शिकवायचं आहेच, वर शाळेचं जनरल रजिस्टर सांभाळायचं, दाखले लिहायचे, शिक्के मारायचे. त्या दाखल्यांतल्या एकाचीच ही गोष्ट आहे.

माझ्या पहिल्या वर्षांतला एक विद्यार्थी होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही, का ते तुम्हाला पुढे कळेलच. विमानाचा आवाज आला रे आला, की हा पठ्ठ्या पुस्तक टाकून पटांगणात पळायचा. मी रागावले की म्हणायचा, "बाई, आत माणसं बसलेली असतात ना? ती आपल्याला बघत असतील!" एकदा तर त्याने वर बघून हातच हलवला होता. मी हसू दाबत त्याला आत आणला.

बारावीनंतर तो मुंबईला गेला, एका दुकानात कामाला लागला. २०२५ च्या मे महिन्यात तो आंब्याच्या दिवसांत घरी आला, तेव्हा मला भेटायला आला. "बाई, शाळा सोडल्याचा दाखला हरवला. दुसरी प्रत मिळेल का? पासपोर्ट काढायचाय." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आमच्या वाडीतल्या मुलाचा पासपोर्ट! सुट्टी असूनही मी शाळा उघडली, कपाटातलं जनरल रजिस्टर झटकून काढलं, जन्मतारीख दोनदा तपासली, सुवाच्य अक्षरात दाखला लिहिला आणि खाली झोकात सही ठोकली. "कुठे जाणार रे?" असं विचारायचं मात्र राहून गेलं.

१६ जूनला शाळा सुरू झाली. पहिल्या आठवड्यात पाऊस इतका, की अर्धी मुलं घरीच. आलेल्यांना काहीतरी वाचून दाखवावं म्हणून मी जुने पेपर चाळत होते. त्यात एक बातमी दिसली. १ जून २०२५ ला मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या, म्हणजे सीमाशुल्क खात्याच्या अधिकाऱ्यांनी थायलंडहून आलेल्या एका भारतीय प्रवाशाला थांबवलं होतं. त्याच्या सामानात काय निघालं असेल? सोनं? घड्याळं? छे! जिवंत साप! इंडोनेशियातले ४४ पिट व्हायपर, शेपटीला कोळी असलेले ३ शिंगवाले साप आणि वर ५ कासवं.

बातमीबरोबर रंगीबेरंगी सापांचं चित्र होतं. ते पाहताच तिसरीतला एक मुलगा ओरडला, "बाई, हो तर आपलो चापडो!"

आणि त्याचं बरोबरच होतं की! आमच्याकडे पावसाळ्यात कुंपणावर, बांबूच्या बेटात चापडा दिसतो. अंग आखडून तासन् तास एका जागी बसणारा, त्रिकोणी डोक्याचा. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये त्याला एक छोटा खळगा असतो. त्या खळग्याने त्याला उष्णता कळते, त्यामुळे काळोख्या रात्रीही उंदीर कुठे आहे ते त्याला समजतं. ज्या सापांना असा खळगा असतो त्यांना इंग्रजीत पिट व्हायपर म्हणतात. म्हणजे बॅगेतले ते ४४ साप आमच्या चापड्याचे लांबचे भाऊबंदच.

शेपटीला कोळी असलेल्या सापाची तर गंमतच आहे. हा साप पश्चिम इराणच्या डोंगरात राहतो. त्याच्या शेपटीचं टोक हुबेहूब कोळ्यासारखं असतं, पाय फुटल्यासारखे लांब खवले असलेलं. खडकात लपून तो फक्त शेपटीचं टोक हलवतो. पाखराला वाटतं, वा, आयता कोळी! ते खाली झेपावतं आणि संपतं. १९६८ साली शास्त्रज्ञांना असा एक साप सापडला, तेव्हा त्यांना वाटलं की त्याच्या शेपटीला काही रोग झाला असावा. ही वेगळी जात आहे हे जाहीर व्हायला २००६ साल उजाडलं.

आता मला सांगा, इराणच्या डोंगरातला साप थायलंडला कसा गेला? तो काही उडत गेला नसणार. जंगलातून पकडलेला असो, की पिंजऱ्यात जन्मलेला असो, कुणीतरी त्याला किंवा त्याच्या आईबापांना इराणबाहेर काढलं असणार. मग तिथून मुंबई. एवढासा जीव आणि त्याला एवढा प्रवास!

मुलांना ४४ हा आकडा कळेना. चव्वेचाळीस म्हणजे नक्की किती साप? डी. एड.ला आम्हाला शिकवलं होतं, की जी गोष्ट वर्गात आणता येत नाही तिचं साहित्य तयार करा. सापांचं साहित्य काय करणार, कप्पाळ! मग मी सुतळीचा गुंडा काढला. मुलांनी दोन-दोन वितींचे ४४ तुकडे कापले. इराणी सापांसाठी तांबड्या दोऱ्याचे तीन तुकडे घेतले आणि पाच कासवांसाठी पाच करवंट्या. तस्करी करणारे साप कापडी पिशव्यांत, मोज्यांत, प्लॅस्टिकच्या डब्यांत कोंबतात, म्हणून आम्हीही मोजे घेतले. चौथीतल्या एका मुलीचं दप्तर रिकामं केलं आणि सगळं आत भरलं. चेन लागेना! दोघांनी दप्तर दाबलं, तिसऱ्याने चेन ओढली, तेव्हा कुठे ते बंद झालं.

"बरं," मी म्हटलं, "आता हे विमानात चढवू या." मी दप्तर बाकावरून खाली टाकलं. मग एकाने ते ओढत नेलं, दुसऱ्याने दुसऱ्या दप्तराखाली दाबलं. सामानाचं असंच होतं ना! प्रवासी वर खुर्चीत बसून सरबत पितो, त्याची मोठी बॅग मात्र पट्ट्यावरून घसरत, आदळत विमानाच्या पोटात जाते. बँकॉकहून मुंबईला यायला विमानाला चार-साडेचार तास लागतात. त्याआधीचे दोन-तीन तास आणि उतरल्यावरचा वेळ वेगळाच. साप पुष्कळ दिवस उपाशी राहू शकतो, म्हणून तर या लोकांना तो सोयीचा वाटतो. पण उपाशी राहणं वेगळं आणि चेंगरणं वेगळं.

चौथीतली ती मुलगी, जिचं दप्तर होतं ती, हळूच म्हणाली, "बाई, तेंका पाणी कोण देतलो?"

मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, चला, मोजू या. दप्तर उघडून आम्ही एकेक सुतळी बाहेर काढली. एक, दोन, तीन... बेचाळीस, त्रेचाळीस. पुढे नाही! पुन्हा मोजलं. त्रेचाळीसच. मुलं बाकाखाली शिरली, मोजे उलटे केले, चटई उचलली. पहिलीतली एक चिमुरडी बाकावर चढून बसली आणि खाली उतरायलाच तयार होईना. सुतळीच ती, पण तिला आता ती सुतळी वाटत नव्हती! शेवटी दप्तराचं अस्तर उसवलेलं होतं त्याच्या आतून चव्वेचाळिसावी सुतळी निघाली.

सुतळ्या मी पिशवीत भरून कपाटात ठेवल्या. धडा छान झाला, असं वाटून मी खूश होते. मुंबईतल्या त्या मुलाची मला त्या वेळी आठवणही झाली नाही, हे खरं सांगते.

जुलैमध्ये एका रात्री त्याचा फोन आला. "बाई, जेवलात काय? बाई, माका बँकॉकाक जावक गावता!" त्याचं पुढचं बोलणं मी पुस्तकी मराठीत लिहिते, नाहीतर पुण्या-नागपूरची मुलं माझ्यावर रुसतील.

"तिकीट त्यांचं, हॉटेल त्यांचं, बाई. चार दिवस फिरायचं. वर हातखर्चाला पैसेही देणार. येताना फक्त एक बॅग आणायची."

"कसली बॅग?"

"एका शेठची. आमच्या रूमवरच्या एकाच्या ओळखीतला शेठ आहे. कपडे आणि खेळणी आहेत म्हणाले."

"ती बॅग तू भरणार?"

फोनवर कोणी बोलेना. मग म्हणाला, "नाही. हॉटेलवर आणून देणार आहेत."

"आणि मुंबईत उतरल्यावर?"

"बाहेर एक जण उभा असेल. त्याच्या हातात द्यायची."

मुलांनो, माझ्या पोटात गोळा आला. बातमीतला प्रवासी माझ्या डोळ्यांसमोर आला आणि त्याला एकदम तोंड आलं, त्या मुलाचं! पासपोर्टसाठी दाखला कोणी दिला होता? मी. सही कोणाची होती? माझी.

मी त्याला मुंबईची बातमी सांगितली. तो हसला. "सापबीप कसले, बाई! खेळणी आहेत." तेव्हा मी त्याला खेळण्यांचीच गोष्ट सांगितली. २०१० च्या ऑगस्टमध्ये बँकॉकच्या विमानतळावर एक बाई इराणला निघाली होती. तिच्या मोठ्या बॅगेत खेळण्यातले कापडी वाघ होते. एक्स-रे यंत्रात बॅग गेली, तर पडद्यावर एका वाघाला हाडं दिसली! कापसाच्या वाघाला हाडं कशी असतील? बॅग उघडली, तर खेळण्यांच्या मधोमध वाघाचं दोन-तीन महिन्यांचं खरं पिल्लू, औषध देऊन झोपवलेलं.

इकडून तिकडे, तिकडून इकडे असे प्रकार चालूच असतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकॉकहून चेन्नईला आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिबट्याचं महिनाभराचं पिल्लू सापडलं. वजन एक किलोच्या आसपास, म्हणजे साखरेच्या एका पुड्याइतकं! त्याला वंडलूरच्या प्राणिसंग्रहालयात न्यावं लागलं. जून २०२२ मध्ये बँकॉकहून चेन्नईला निघालेल्या दोन भारतीय बायकांच्या बॅगांत १०९ जिवंत प्राणी होते. साप, सरडे, कासवं, पांढऱ्या साळिंदरांची जोडी आणि आर्माडिलोची जोडी. मार्च २०२४ मध्ये मुंबईला यायला निघालेले सहा भारतीय तिथेच पकडले गेले. त्यांच्याजवळ ८७ प्राणी होते, त्यात एक लाल पांडासुद्धा!

"पकडले ते मूर्ख असतील," तो म्हणाला. मग म्हणाला, "आणि समजा असलेच साप, तर मला काय? मी बॅग उघडणारच नाही."

याला काय म्हणावं! मग मी त्याला ती मगरीची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगते. जरा भीतीची आहे, पण तुम्ही काही आता लहान नाही.

आफ्रिकेत काँगो नावाचा मोठा देश आहे. त्याची राजधानी किन्शासा. २५ ऑगस्ट २०१० रोजी तिथून निघालेलं एक लहानसं विमान बांदुंडू नावाच्या शहरात उतरत होतं. आमच्या एसटीत असतात त्याच्या निम्मीसुद्धा माणसं नव्हती त्यात, सगळी मिळून एकवीस. उतरता उतरता, धावपट्टीच्या थोडं अलीकडेच, ते एका घरावर कोसळलं. वीस माणसं गेली. एकच वाचलं. आधी सगळ्यांना वाटलं, इंधन संपलं असेल. पण वाचलेल्या त्या प्रवाशाने सांगितलेली हकीकत नंतर वर्तमानपत्रांत आली. ती अशी, की एका प्रवाशाने खेळाच्या सामानाच्या मोठ्या बॅगेत लपवून मगर आणली होती, विकायला. विमान खाली येत असताना ती बॅगेतून सुटली. हवाईसुंदरी घाबरून वैमानिकाच्या खोलीकडे धावली आणि तिच्यामागे सगळे प्रवासी उठून पुढे पळाले.

तुम्ही कधी होडीत बसलात का? आमच्याकडे खाडी ओलांडताना तांडेल ओरडतो, "एका बाजूक जाव नका!" सगळे एकीकडे सरकले की होडी कलंडते. लहान विमानाचं तसंच असतं. सगळं वजन एकदम नाकाकडे गेलं, की तोल सांभाळता येत नाही, आणि जमीन इतकी जवळ असताना सावरायला वेळ तरी कुठून मिळणार? मगर त्या अपघातातून जिवंत निघाली. मग तिला कोयत्याने मारून टाकलं. तिने कुणाला चावाही घेतला नव्हता म्हणे.

फोनवर तो गप्प होता. मी म्हटलं, "तुझ्या शेजारच्या खुर्चीत कुणी पोर असेल, विमानात पहिल्यांदा बसलेलं. खिडकीतून खाली हात हलवणारं." हे बोलायला नको होतं का? बोलून गेले खरी.

आणखी एक आठवलं. आमच्या वाडीतलाच एक जण, त्याच्या नात्यातला काका, मुंबईच्या विमानतळावर सामान चढवायचं-उतरवायचं काम करतो. रोज शेकडो बॅगा त्याच्या हातांतून जातात. बॅगेचं अस्तर उसवलेलं असलं आणि एक साप बाहेर आला, तर पहिला हात कुणाचा जाईल? त्या शेठचा नाही! आणि चावल्यावर लस कुठली देणार? सर्पदंशावरची लस घोड्यांच्या मदतीने बनवतात. सापाचं विष घोड्याला अगदी थोडं थोडं टोचत गेलं, की त्याच्या रक्तात त्या विषाशी लढणारी द्रव्यं तयार होतात, त्यांपासून लस होते. आपल्या मुंबईच्या हाफकिन संस्थेत ती बनत आली आहे. पण भारतातली ही लस मुख्यतः चार सापांच्या विषावरची आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. आमच्या चापड्याच्या विषावरही ती नीट लागू पडत नाही, मग इंडोनेशियातल्या त्याच्या भाऊबंदांवर आणि इराणच्या कोळीशेपट्यावर काय पडणार?

हेही त्याला सांगितलं. "काका," एवढंच तो म्हणाला. मग म्हणाला, "बघतो, बाई." आणि फोन ठेवला.

तुम्ही म्हणाल, हे साप कोण मागवतं? अहो, मागवणारे आहेत म्हणून तर हे सारं चालतं. मोबाईलवर कुणीतरी गळ्यात रंगीत साप घालून नाचतो, कुणाच्या खांद्यावर इग्वाना, कुणाच्या खिशात डोळे मोठे केलेली शुगर ग्लायडर. खाली लाखो अंगठे. मग एखाद्या श्रीमंत घरातल्या पोराला वाटतं, आपल्याकडेही काहीतरी वेगळं हवं. कुत्रं-मांजर काय, कुणाकडेही असतं! तुमच्यापैकी एखाद्याने असा हट्ट धरला असेल, तर मी नाव विचारत नाही. पण त्या दुकानदाराला एवढं जरूर विचारा, की हा प्राणी इथपर्यंत आला कसा.

कायदा आहे, चांगला कडक आहे. प्राण्यांच्या व्यापारावर लक्ष ठेवणारा 'साइट्स' नावाचा देशोदेशींचा करार १९७५ पासून लागू आहे आणि भारत त्यात १९७६ मध्ये सामील झाला. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, तेव्हा या परदेशी प्राण्यांचीही वेगळी यादी त्यात घातली गेली. कस्टमच्या कायद्याखाली गंभीर गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. पण मला राग कशाचा येतो सांगू? पकडला जातो तो बॅग आणणारा. त्याला फुकटची सहल आणि थोडे पैसे मिळालेले असतात. शेठ विमानात नसतोच! विमानतळावर विचारतात ना, बॅग तुम्ही स्वतः भरलीत का, त्या प्रश्नाला हा मुलगा काय उत्तर देणार होता?

त्यानंतर आठ दिवस त्याचा फोन लागला नाही. मी वर्गात शिकवत होते, पण चित्त नव्हतं. एकदा फळ्यावर ४४ वजा १ चं गणित घातलं आणि उत्तर ४५ लिहिलं! मुलं खो खो हसली. मनात सारखं येत होतं, आपण उगाचच संशय घेतला असला तर? शेठ खरंच भला माणूस असला आणि बॅगेत खरंच कपडे असले तर? वाडीतल्या गरीब पोराला आयुष्यात एकदा विमानात बसायला मिळत होतं, ते बाईंनी घालवलं, असं तो जन्मभर म्हणेल. आणि दुसऱ्या क्षणी वाटायचं, तो गेला असला तर? आत्ता, या क्षणी, कुठल्याशा हॉटेलात त्याच्या दारावर कुणी टकटक करत असेल तर?

शेवटी मी त्याच्या आईकडे गेले. ती खळ्यात सुपारी सोलत बसली होती. मुलगा परदेशी जाणार म्हणून तिने शेजारणीला सांगूनही टाकलं होतं. मी सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, सुपारी सोलतच राहिली. मग आत गेली, फोन आणला आणि मला म्हणाली, "लावा." यावेळी फोन लागला! आईने त्याला एकच गोष्ट सांगितली, की गणपतीला पासपोर्ट घेऊन घरी ये. दुसरं काहीही नाही. सापाचं नावसुद्धा काढलं नाही.

२०२५ मध्ये गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. आमच्या कोकणात गणपतीला मुंबईचे सगळे चाकरमानी घरी येतात. एसटीत, रेल्वेत उभं राहायलाही जागा नसते. मी त्यांच्या घरी दर्शनाला गेले, तर आरतीची झांज याच्याच हातात! मला पाहून तो जरा लाजला. आरती झाल्यावर त्याने खिशातून पासपोर्ट काढून माझ्या हातात दिला. मी एकेक पान उलटलं. सगळी कोरी. माझ्या शाळेतल्या तीन-चार पोरांनी तोवर आमच्याभोवती गराडा घातला होता. त्यांनाही पासपोर्ट बघायचा होता, "ह्यात विमान खय असा?" म्हणून एकाने विचारलंसुद्धा.

"नाही गेलास?" मी विचारलं.

"नाही, बाई. आईचा फोन यायच्या आधीच नाही म्हणून सांगितलं होतं. काकाला भेटायला गेलो होतो, त्याने हातमोजे दाखवले. नुसते कापडी आहेत, बाई." मग थोडं थांबून म्हणाला, "माझ्याऐवजी रूमवरचा दुसरा गेला. नागपूरकडचा आहे. माझ्याहून लहान."

"मग? आला ना तो परत?"

तो मखराकडे बघत होता. "रूमवर नाही आला," तो म्हणाला. "त्याची चादर आणि डबा अजून तिथेच आहे."